डोंगरावर साडेतीनशे मुलं नेण्याआधी

गेल्या ऑक्टोबरात मी एक बातमी केली होती. 'विद्यार्थ्यांच्या श्रमदानातून देवीचा डोंगर चकाचक'. चार कॉलम, वर रंगीत फोटो. दोनशे मुलं, हातात मोजे, डोक्यावर एकसारख्या टोप्या, पुढे बॅनर आणि बॅनरच्या मागे तालुक्यातली झाडून सगळी मान्यवर मंडळी. ३२ पोती कचरा निघाला असं मला सांगितलं गेलं, मी तसं छापलं. दोन दिवस मोबाइलवर अभिनंदनाचे मेसेज येत होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आठ दिवसांनी पुण्याहून मेहुणे आले होते. त्यांना डोंगर दाखवायला घेऊन गेलो. पायथ्याच्या उंबराखाली ती पोती तशीच होती. निम्मी कुत्र्यांनी फाडलेली, दोन गाई त्यात तोंड घालून उभ्या. वर निघालो तर वाटेत पाण्याच्या प्लॅस्टिक कपांची झाकणं. चहाच्या टपरीवरून आलेली नव्हती ती, मोहिमेच्या दिवशी मुलांना वाटलेल्या कपांचीच होती. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. देवळाच्या खालच्या टप्प्यावर जिथे वाट मोठं वळण घेते, तिथे मुलांनी वळण टाळून सरळ उतार धरला होता. दोनशे मुलं, जाताना आणि येताना, म्हणजे चारशे वेळा पाय. गवत अजून फुलात होतं आणि त्यातून खालपर्यंत तांबड्या मातीचा पट्टा गेला होता. यंदाच्या पावसात त्या पट्ट्याची घळ झाली आहे, गुडघाभर खोल. विश्वास नसेल तर जाऊन बघा.

त्याची बातमी मी केली नाही. पत्रकारितेची पदविका करताना आमचे एक प्राध्यापक सांगायचे, बातमी कार्यक्रमाची नसते, त्यातून पुढे काय झालं त्याची असते. ते मला पाठ आहे, पण त्या वेळी आठवलं नाही. किंवा आठवलं आणि मी गप्प बसलो. आपलं गाव लहान आहे, सगळे ओळखीचे आहेत.

आता यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी तीच मोहीम पुन्हा घाटते आहे. आकडा दोनशेवरून साडेतीनशेवर गेलाय, आणि सोबत बीजगोळे टाकण्याचा कार्यक्रम. मला कव्हरेजचं निमंत्रण आलंय. म्हणून आधीच लिहितोय. हेतूवर शंका नाही. शिक्षक मंडळी स्वतःच्या खिशातून पैसे घालतात, मला माहीत आहे. पण मुलांना निसर्गात नेऊन निसर्गाशी वागायला शिकवणं या गोष्टीला एक इतिहास आहे, जवळपास सव्वाशे वर्षांचा. त्या इतिहासात आपण आत्ता करतोय त्या चुका कुणीतरी आधीच करून ठेवल्या आहेत. फुकट मिळणारं शहाणपण आहे, घ्यायला काय हरकत?

सुरुवात माझ्यापासून करतो. १९९४ साली मी आठवीत होतो, स्काऊटमध्ये. याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आमचं तीन दिवसांचं शिबिर होतं. पहिल्या दिवशी प्रत्येक संघाने आपापल्या तंबूसमोर प्रवेशद्वार, चपलांचा स्टँड आणि भांड्यांची मांडणी करायची, त्याला गुण. सामान कुठलं? डोंगरावरची कारवी. आम्ही कोयते घेऊन गेलो आणि हिरवीगार कारवी भारेच्या भारे तोडून आणली. तंबूभोवती पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून चर खणला. रात्री शेकोटीला ओला-सुका जो मिळेल तो लाकूडफाटा. आमच्या संघाचा पहिला नंबर आला. प्रमाणपत्र अजून घरात आहे.

कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. म्हणजे आम्ही तोडलेल्या झुडपांना आयुष्यात एकदाच मिळणारी फुलायची संधी आम्ही घालवली. पण तेव्हा आम्हाला ते कुणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्यांनाही त्यात काही चूक वाटत नव्हती. ही वाईट माणसं नव्हती. ती जे शिकली होती तेच आम्हाला शिकवत होती. आणि ते शिक्षण खूप लांबून आलं होतं.

ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउन्सी नावाच्या लहानशा बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांना घेऊन आठवडाभराचं शिबिर भरवलं. स्काऊट चळवळीची सुरुवात ती. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्यांचं मुलांसाठीचं पुस्तक आलं आणि चळवळ जगभर पसरली. अमेरिकेत १९१० साली स्काऊट संघटना निघाली. तिथे जंगलात राहायची विद्या मुलांना शिकवण्याचं काम अर्नेस्ट थॉम्प्सन सीटन यांच्यासारखे लोक आधीपासून करत होते. या विद्येत काय काय होतं? कुऱ्हाड कशी चालवायची, सूचिपर्णी झाडाच्या कोवळ्या फांद्या तोडून त्यांचा मऊ बिछाना कसा करायचा, तंबूभोवती चर कसा काढायचा, काटक्या-दोरीतून सामान कसं बनवायचं. आमच्या कारवीच्या कमानीचं मूळ इथे आहे. त्या काळी चांगला स्काऊट म्हणजे जंगलातून हवं ते काढून घेऊन आरामात राहू शकणारा मुलगा.

गंमत म्हणजे त्याच पुस्तकात स्काऊट हा प्राण्यांचा मित्र असतो असा नियम होता. मन चांगलं होतं, हातात मात्र कुऱ्हाड होती, आणि त्या काळात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण त्याच सुमाराचं आहे. १९०८ च्या आसपास मुंबईत खेतवाडीत राहणाऱ्या एका मुलाने मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, ती नेहमीची नव्हती. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवलं. ही संस्था १८८३ पासूनची. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला हाकलून दिलं नाही, की पक्षी मारू नये असं व्याख्यानही दिलं नाही. त्यांनी पक्ष्याचं नाव सांगितलं, भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे त्यांनी आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी ठेवली.

आज कुणी बारा वर्षांचा मुलगा छऱ्याची बंदूक घेऊन चिमण्या टिपताना दिसला तर आपण त्याच्या बापाला बोलावू, आणि बोलवायलाच हवं. त्या वेळी ती साधी करमणूक होती. नमुन्यासाठी पक्षी मारणं तर शास्त्राचाच भाग होता, सालिम अलींनी स्वतः ते केलं. आणि याच माणसाने पुढे भरतपूरच्या पाणथळीसाठी आणि केरळच्या सायलेंट व्हॅलीसाठी आपलं वजन खर्च केलं.

हे सगळं सांगायचं कारण एकच. निसर्गात कसं वागायचं याचे नियम दगडावर कोरलेले नसतात. काळाबरोबर, आणि त्याहीपेक्षा माणसांच्या संख्येबरोबर ते बदलतात. एक मुलगा एक फांदी तोडतो तेव्हा ती फांदी असते. दहा हजार मुलं एकेक फांदी तोडतात तेव्हा ती जंगलतोड असते. त्यातल्या प्रत्येक मुलाने मात्र एकच फांदी तोडलेली असते आणि प्रत्येकाला वाटतं, माझ्या एका फांदीने काय होतंय.

हा हिशेब सगळ्यात आधी आणि सगळ्यात महाग पडला तो अमेरिकेला. दुसरं महायुद्ध संपलं, लोकांच्या हातात पैसा आला, गाड्या आल्या, रस्ते झाले. नायलॉनचे हलके तंबू आले, पाठीवरच्या हलक्या सॅक आल्या. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांना १९५० मध्ये वर्षाला सुमारे ३.३ कोटी भेटी होत होत्या, १९७० मध्ये हा आकडा १७ कोटींच्या पुढे गेला. वीस वर्षांत पाचपट. १९६४ मध्ये तिथे रानवट प्रदेश राखण्याचा स्वतंत्र कायदा झाला, त्यामुळे अशा जागांचं आकर्षण आणखी वाढलं. तळ्यांच्या काठची झाडं हाताला लागेल तिथपर्यंत बोडकी झाली. चुलींच्या काळ्या दगडांची वर्तुळं जागोजागी उठली. मुक्कामाच्या जागी गवत उगवेना. आणि हे करणाऱ्यांत पुस्तकाप्रमाणे वागणारे स्काऊटही होते. चुकीचं वागून नाही, शिकवल्याप्रमाणे वागून नुकसान केलं, हा त्यातला खरा धडा.

सरकारी वनखात्याने आधी सरकारी उपाय केले. परवाने, दंड, पाट्या. पण शेकडो मैलांच्या रानात रक्षक किती, आणि तो बघणार किती? पाटी वाचणारा आधीच शहाणा असतो, न वाचणाऱ्याला पाटीचा उपयोग नसतो. सत्तरच्या दशकात हळूहळू लक्षात आलं की माणूस रानात शिरण्याआधीच त्याच्याशी बोललं पाहिजे, आणि 'हे करू नका' एवढंच न म्हणता 'का करू नका' ते सांगितलं पाहिजे. पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने १९६५ मध्ये वायोमिंगमध्ये एक शाळा काढली होती, रानात तरुणांचं नेतृत्व करणाऱ्यांना शिकवणारी. हे 'का' शिकवायच्या पद्धती तिथे घडल्या. १९८७ मध्ये जमिनी सांभाळणाऱ्या तीन सरकारी खात्यांनी मिळून एक पत्रक काढलं, १९९४ मध्ये स्वतंत्र संस्था झाली, आणि १९९९ पर्यंत सात तत्त्वं पक्की झाली. 'लीव्ह नो ट्रेस' या नावाने ती जगभर ओळखली जातात. म्हणजे मागे आपली खूण ठेवू नका.

सात तत्त्वं आपल्या भाषेत सांगायची तर अशी. निघण्याआधी तयारी करा. टणक जागेवरून चाला, टणक जागेवर मुक्काम करा. आपली घाण आपण निस्तरा. जे जिथे आहे ते तिथेच राहू द्या. आग लावायचीच तर लहान आणि जपून. प्राण्यांना लांबून बघा. आणि इतर माणसांचा विचार करा. यात नवीन काय, असं वाटेल. नवीन आहे ते त्यामागचं 'का'.

एक उदाहरण देतो. अभ्यासकांनी वर्षानुवर्षं मोजमाप करून पाहिलं की न तुडवलेल्या जागेचं सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या काही पावलांतच होतं. त्यानंतर कितीही चाला, नुकसान फार वाढत नाही. याचा अर्थ असा की जिथे आधीच वाट आहे तिथे सगळ्यांनी त्याच वाटेवरून, एकामागे एक जायचं. चिखल असला तरी चिखलातून, बाजूने नाही, कारण बाजूने गेलात की वाट रुंदावते. देवळाखालच्या उतारावर गेल्या वर्षी आपण नेमकं उलटं केलं. मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पहिला शॉर्टकट मुलांनी मारला नाही, बॅनर धरून पुढे निघालेल्या मोठ्या माणसांनी मारला. मुलं मागून गेली.

या मुद्द्यावर अमेरिकेतलाच एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०१३. युटा राज्यात गॉब्लिन व्हॅली नावाचं उद्यान आहे, वाऱ्या-पावसाने झिजून तयार झालेल्या, मोठ्या डोक्याच्या भुतांसारख्या दिसणाऱ्या वालुकाश्माच्या खांबांचं. खडक कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. स्काऊटच्या मुलांना घेऊन आलेल्या एका नेत्याने त्यातला एक दगड धक्का मारून पाडला, दुसऱ्याने चित्रीकरण केलं, आणि हसत-नाचत ते इंटरनेटवर टाकलं. गदारोळ झाल्यावर म्हणाले, दगड डळमळीत होता, मुलांवर पडला असता. स्काऊट संघटनेने दोघांना काढून टाकलं, न्यायालयात त्यांनी गुन्हा कबूल केला. आणि हे त्याच संघटनेत घडलं, जिच्याकडे तोवर रानात कसं वागावं याची आचारसंहिता होती, अभ्यासक्रम होता, बॅज होते. पण मुलं अभ्यासक्रमाकडे बघत नाहीत, पुढे चालणाऱ्याच्या पायाकडे बघतात.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे स्काऊट विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात आलं, पण आधी ते गोऱ्यांच्या मुलांपुरतं होतं. मग ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी भारतीय मुलांसाठी संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स झालं. प्राण्यांच्या मैत्रीच्या नियमाला आपल्या नियमांत निसर्गप्रेमाची जोड मिळाली. शब्द वाढले. शिबिरातली कारवी मात्र १९९४ पर्यंत तुटतच होती, मी साक्षीदार आहे.

पण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून एक शाळा होती, देवराई. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्या जगासमोर मांडल्या. नियम कडक. तोडायचं नाही, आणि कित्येक ठिकाणी तर पडलेलं वाळकं लाकूडही घरी न्यायचं नाही. लहान पोरालाही हे माहीत असे. अमेरिकेच्या वनखात्याला जो प्रश्न सुटला नाही, रानात रक्षक किती ठेवणार, तो आपल्या पूर्वजांनी सोडवला होता. देवी चोवीस तास ड्युटीवर. पगार नाही, रजा नाही, बदली नाही. पण पुढे ठेकेदार आले, रस्ते आले, देवीचा धाक ओसरला, आणि जिथे धाक गेला तिथे बऱ्याच ठिकाणी झाडंही गेली. आपल्या देवीच्या देवळामागची राई किती होती आणि आज किती उरली, म्हाताऱ्या माणसांना विचारा. धाकाच्या जागी समज यायला हवी होती, ती आपण आणली नाही. मधली जागा रिकामीच राहिली.

शाळांनी ती भरायचा प्रयत्न केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ पासून पर्यावरण शिक्षणाचे आदेश दिले, २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेना शाळाशाळांत आली, पर्यावरण हा विषय झाला. पण विषय झाला की त्याचं काय होतं हे घरात कॉलेजला जाणारं पोर असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रकल्पवही दुकानात तयार मिळते. 'जलप्रदूषण : कारणे व उपाय' नदीकाठच्या शाळेतला मुलगाही पुस्तकातून उतरवतो, नदीकडे न बघता.

दुसरीकडे डोंगरांवरची गर्दी वाढत गेली. गोनीदा गडांवर हिंडत होते तेव्हा बरोबर चार-सहा तरुण असायचे, गडावर दुसरं कुणी भेटलं तर अप्रूप. आज पावसाळ्यातल्या रविवारी प्रसिद्ध गडांच्या दरवाजात रांगा लागतात. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात कासचं पठार आहे. तिथे फुलांच्या हंगामात दिवसाला किती माणसं सोडायची हे ठरवावं लागलं. जुलै २०२५ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या अकरा किल्ल्यांसह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अभिमान आहेच. पण अभिमानाबरोबर पायही येणार. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकात जे झालं, ते आपल्याकडे आत्ता होतंय.

गेल्या आठवड्यात मी माझ्या त्या वेळच्या स्काऊटच्या सरांना फोन केला. आता निवृत्त आहेत, गुडघे गेलेत, पण आवाज तसाच खणखणीत. भीत भीतच विचारलं, "सर, आपण ती कारवी तोडायचो, ते चुकलंच ना?" थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, तेव्हा आपण तीस पोरं होतो आणि कारवी अख्ख्या डोंगरभर. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. आज मी नेलं असतं तर बांबू आणि सुतळी घरून नेली असती. तू आता कुणाला नेतोयस काय?" मी म्हटलं, मी नाही, पण साडेतीनशे जाणार आहेत. त्यावर सर एवढंच म्हणाले, "एका दिवशी? मग ती सहल झाली रे."

सरांना जे एका वाक्यात कळलं ते सांगायला मला एवढं लांबण लावावं लागलं. तर आता मुद्द्याचं बोलतो. मोहीम रद्द करा असं मी म्हणत नाही. मुलं डोंगरावर गेलीच पाहिजेत. न गेलेल्या मुलाला डोंगर म्हणजे मोबाइलवरचा फोटो. पण कशी जावीत, याबद्दल आयोजक मंडळींना माझ्या काही विनंत्या आहेत.

पहिली. साडेतीनशे एका दिवशी नकोत. बारा-पंधरा मुलांची तुकडी, बरोबर दोन मोठी माणसं, एका रविवारी दोन-तीन तुकड्या. तीन-चार महिने लागतील, लागू देत. आणि त्या मोठ्या माणसांनी एक दिवस आधी स्वतः डोंगर चढून यावा.

दुसरी. वाट एकच. वळण कितीही लांब असलं तरी वळणानेच. त्या नव्या घळीच्या तोंडाशी दगड आणि वाळक्या काटक्या आडव्या लावून ती बंद करणं हेच एका तुकडीचं पहिलं काम असू द्या. तिथे उभं राहून मुलांना दाखवा की ही घळ गेल्या वर्षी आपण केली. दहा व्याख्यानांचं काम होईल.

तिसरी. पाणी घरच्या बाटलीत, डबा घरचा. वाटप काही नको. वाटपाशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही हे कळतं, पण तेवढं सोसा.

चौथी. कचरा पोत्यांत मोजू नका, ओळखून मोजा. गुटख्याच्या पुड्या किती, वेफर्सची पाकिटं किती, बाटल्या किती, नारळ-अगरबत्तीची प्लॅस्टिक वेष्टनं किती. मुलांनीच तक्ता करावा. म्हणजे कळेल की कचरा आकाशातून पडत नाही, आपल्याच बाजारपेठेतून वर जातो. आणि पोतं भरायच्या आधी ते कुठे रिकामं होणार हे नगरपंचायतीशी बोलून ठरवा, गाडीसकट.

पाचवी. बीजगोळे वरच्या सड्यावर टाकू नका. कातळाचा सडा उन्हाळ्यात ओसाड दिसतो, पण पावसात तिथे जी इवली फुलं येतात ती दुसरीकडे येत नाहीत. त्यांना झाडांची सावली नको असते. प्रत्येक मोकळी जागा झाडाची वाट बघत नसते. झाडंच लावायची तर राईच्या कडेला लावा, राईतल्याच झाडांच्या बियांची रोपं करून, आणि जगवायला दोन उन्हाळे पाणी घालायची तयारी ठेवून.

सहावी, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. संडास-लघवीचं काय? मुलींचं विशेषतः. गेल्या वर्षी कित्येक मुली सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या, मला नंतर एका बाईंनी सांगितलं. निघण्याआधी पायथ्याच्या शाळेत सोय करा. वर वेळ आलीच तर झऱ्यापासून किमान साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर मातीने बुजवायचा. यात लाजण्यासारखं काही नाही. हे शिकवणं हाच निसर्गशिक्षणाचा पहिला धडा आहे.

सातवी. स्पीकर नको, धूर नको, दगड भिरकावणं नको. कड्याला आग्या मोहोळं आहेत. मधमाश्यांच्या हल्ल्याच्या बातम्या मी स्वतः केल्या आहेत. त्या दरवेळी 'माश्यांनी हल्ला केला' अशाच लिहिल्या जातात, आधी काय झालं ते कुणी लिहीत नाही.

आणि शेवटची. खूण ठेवू नका हे शहाणपण पाहुण्यांसाठी आहे, घरच्यांसाठी नाही. डोंगरावर मोळीला येणाऱ्या बाया, शेळ्या चारणारी धनगरवाड्यातली मंडळी, यांना मुलांकडून घोषणा ऐकवू नका. त्यांचं पोट त्या डोंगरावर आहे. उलट त्यांच्यातल्याच एखाद्या जाणत्या माणसाला मानधन देऊन प्रत्येक तुकडीबरोबर घ्या. कुठल्या झाडाला काय म्हणतात, वणवा कुठून चढतो, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, हे सगळं त्यांना माहीत असतं. आमच्या त्या शिबिरात एक धनगर आजोबा रोज संध्याकाळी लांब उभे राहून आमचे कारवीचे भारे बघायचे. काही बोलायचे नाहीत. आम्ही त्यांना कधी विचारलं नाही, की काय बघताय बाबा? विचारलं असतं तर तीस वर्षांपूर्वीच कळलं असतं.

एका तुकडीने एकदा जाऊन सगळा डोंगर स्वच्छ करण्यापेक्षा तीच तुकडी वर्षातून तीनदा, पावसात, थंडीत आणि उन्हात, त्याच एका टप्प्यावर गेली तर तो टप्पा तिचा होतो. मग तिथे पाकीट टाकणाऱ्याला ती पोरं स्वतः हटकतील, पाटीची गरज राहणार नाही. देवीच्या धाकाची जागा घेऊ शकेल असं मला तरी हे एकच दिसतं.

कव्हरेजचं विचाराल तर मी येणार आहे. पण पहिल्या दिवशीचा फोटो घेणार नाही. आठव्या दिवशी एकटा वर जाईन. उंबराखाली काय आहे, वळणावर काय आहे, सड्यावर काय आहे ते बघेन, आणि जे दिसेल ते छापेन. चांगलं दिसलं तर चार कॉलम नक्की. वाईट दिसलं तरी चार कॉलमच. गेल्या वर्षीची माझी बाकी आहे ती.

पटलं तर आपल्या मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली सांगा, बोलू. आणि ती घळ एकदा बघून या. वळणाने जा.